घरमालकांचं सोयर

आमच्या घरमालकांची आणि माझी खरी ओळख त्यांच्या संडासात झाली. ते तिथे नव्हते, मी एकटाच होतो. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी, एका उतारावर त्यांचं घर, आणि त्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही नवरा-बायको नुकतेच भाड्याने राहायला आलो होतो. तिसऱ्याच दिवशी आमचा फ्लश बंद पडला. वरून घरमालकांचा आवाज आला, "माझा वापर की! त्यात लाजायचं काय?" गेलो. बसलो. समोर पाहतो तर भिंतीवर एक कॅलेंडर. त्यात ना वार, ना वर्ष, ना कुठलं निसर्गचित्र. नुसत्या तारखा, आणि काही तारखांपुढे बारीक, सरळ अक्षरात नावं.

बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "वाढदिवस. आम्ही डच लोक तिथेच टांगतो. रोज जावंच लागतं ना, मग कोणाचा चुकत नाही." मी मोठ्या उत्साहाने माझी तारीख सांगितली. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "बघू."

बघू! मी चाटच पडलो. नंतर कळलं की त्या कॅलेंडरवर चढणं हे ग्रीन कार्ड मिळण्याइतकंच अवघड काम होतं. त्याला एकच नियम. एकदा नाव लिहिलं की खोडायचं नाही. "आणि माणूस गेला तर?" मी एकदा विचारलं. "गेला म्हणून तो जन्मला नव्हता का?" हे त्यांचं उत्तर. आमची दोघांची नावं लागायला आठ महिने गेले. ज्या दिवशी लागली, त्या दिवशी मी नागपूरला फोन करून आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे बाप्पा, संडासात नाव लागलं म्हणून फोन करतोस?"

घरमालकांचा जन्म हॉलंडचा. सातव्या वर्षी आईबापांबरोबर बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला गेले. पुढे तिथे जन्मभर सुतारकाम केलं आणि उतारवयात, आपल्या अमेरिकन बायकोला माहेरच्या गावी राहायचं होतं म्हणून, बॉथेलला आले. ती नर्स होती. आम्ही राहायला येण्याच्या आधीच ती गेली होती. मूलबाळ नव्हतं. शिस्त हॉलंडची, कपडे ऑस्ट्रेलियाचे आणि पाऊस वॉशिंग्टनचा, असा सगळा मामला. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा हा उंच माणूस डिसेंबरात हाफपँट घालून अंगण झाडायचा आणि मी कानटोपीतून गुड मॉर्निंग म्हटलं की ओरडायचा, "मस्त हवा आहे, मेट!" त्यांच्या लेखी सगळी दुनिया मेट, म्हणजे ऑस्ट्रेलियन भाषेत दोस्त, होती. माझ्या बायकोने मात्र पहिल्याच महिन्यात त्यांना "आजोबा" करून टाकलं. त्यांनी अर्थ विचारला. तिने सांगितला. "मला नातवंडं नाहीत," ते म्हणाले. "मग आता आम्हाला चालवून घ्या," ती म्हणाली. तेव्हापासून ते आमचे आजोबा.

रोज सकाळी दहाला कॉफी. दहा म्हणजे दहा. भिंतीवर किल्लीचं घड्याळ होतं, दर रविवारी किल्ली देण्याचा सोहळा असायचा, आणि दहाचा शेवटचा ठोका पडता पडता कपात कॉफी पडायची. मग पत्र्याचा डबा उघडायचा, प्रत्येकाने एक बिस्किट घ्यायचं, आणि टप्! झाकण बंद. मी नागपूरचा. आमच्याकडे पाहुण्याने चौथ्यांदा नाही म्हटलं तरी त्याच्या ताटात पाचवी पुरी पडते. पहिल्या वेळी झाकण बंद झालं तेव्हा मला अपमानच वाटला. पण टपाल टाकायला येणाऱ्या बाईंनाही एक, आणि घर तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरलाही एकच, हे पाहिल्यावर मी माझा अपमान मागे घेतला.

खरं बोलण्याची त्यांना खोडच होती. बायकोने हौसेने पोहे करून वर नेले. त्यांनी बशी संपवली आणि म्हणाले, "चव चांगली. पण ओले आहेत." ती दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "खरंच ओले होते रे, यार." मला तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तू रस्त्यात सगळ्यांकडे बघून हसतोस, पण कचऱ्याचा डबा वेळेवर आत घेत नाहीस. हसू नकोस. डबा घे." अमेरिकेत घरमालकाला भाडेकरूचं काही सोयरसुतक नसतं असं ऐकून आलो होतो. आमच्या नशिबी हे आले.

आणि वाढदिवस! बायकोच्या वाढदिवसाला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, खाली हाफपँटच, जिना उतरून आले आणि आधी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन!" मग आमच्याकडे आलेल्या मित्राचं अभिनंदन, मित्राच्या बायकोचं, त्यांच्या चार वर्षांच्या पोरीचं. ती पोरगी म्हणाली, "बट इट्स नॉट माय बर्थडे!" आजोबा म्हणाले, "तुझ्या माणसाचा आहे ना? मग तुझंही अभिनंदन." शेवटी पिझ्झा घेऊन आलेला पोऱ्या हात गदगदा हलवून घेऊन गेला.

बाळाची बातमी आम्ही त्यांना दहाच्या कॉफीलाच सांगितली. मला वाटलं, आता उठून अभिनंदन करतील. ते बसून राहिले. मग डबा उघडा तसाच ठेवून त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"ऑस्ट्रेलियात उतरलो तेव्हा आम्हाला कॅम्पात पत्र्याची अर्धगोल झोपडी मिळाली. आडवं पिंप मधोमध कापल्यासारखी. माझी बहीण तिथे जन्मली. आमच्यात बाळ झालं की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गोल टोस्ट देतात. वर लोणी, आणि लोण्यावर साखरेत घोळवलेली शोप. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. आईने ती शोप हॉलंडहून ट्रंकेत कपड्यांच्या घडीत आणली होती. बाबांनी बेकरीत वीस टोस्ट भाजले. ताट मांडलं, दार उघडं ठेवलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून मला दारात उभं केलं."

"मग?" बायकोने विचारलं.

"कोणी आलं नाही. शेजारी दहा देशांतले. आमचं दार का उघडं आहे हे त्यांना काय ठाऊक? आई आतून विचारायची, आलं का कोणी? बाबा म्हणायचे, येतील. दुपारपर्यंत ती विचारत होती. मग विचारायची थांबली. संध्याकाळी बाबा मला म्हणाले, तू खा. मी सात खाल्ले. आठवा गेला नाही."

बायको तर रडायलाच लागली. आजोबांनी डब्याचं झाकण लावलं आणि आम्हाला ठणकावून सांगितलं, "तुमच्या बाळाचं ताट मी मांडणार. चाळीस टोस्ट. आणि ते लोकांनी रिकामं करायचं. मी एकही खाणार नाही."

पुढे आमच्याकडे सगळंच बिनसत गेलं. आईला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतरची. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बाळंतपणाला येणारं कोणी नाही हे आम्ही आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग दारात कोण उभं राहणार?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "मी राहतो."

त्यांच्या अंगात वारंच शिरलं. हॉस्पिटलचा रस्ता त्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी गाडी चालवून तपासला. एकोणीस मिनिटं. सुतारशाळेत शिकलेला हात पुन्हा बाहेर काढून पाळणा केला, गुळगुळीत, एक खिळा दिसेल तर शपथ. हॉलंडहून शोपेची दोन पार्सलं मागवली, एक गुलाबी, एक निळं. आणि ही पार्सलं वाटेत असतानाच, दोन आठवडे आधी, एका मंगळवारी सकाळी आमची मुलगी जन्माला आली!

मी हॉस्पिटलमधून फोन केला. पलीकडून एकदम गर्जना, "अभिनंदन! गुलाबी!" आणि फोन कट.

गुरुवारी बाळाला घेऊन घरी आलो तर आजोबांच्या स्वयंपाकघरात वेगळंच युद्ध चाललेलं. पार्सलांचा पत्ता नव्हता, म्हणून बायकोने मागे कधीतरी दाखवलेल्या इंडियन ग्रोसरीत जाऊन ते हॉटेलच्या काउंटरवर असते तसली रंगीत बडीशेप तीन किलो घेऊन आले होते. लाल, पिवळी, हिरवी, केशरी, सगळ्या रंगांची. आणि टेबलावर चादर पसरून त्यातून फक्त गुलाबी आणि पांढरे दाणे वेचत बसले होते. शेजारी आमच्या ओळखीचे डॉक्टरकाका. चाळीस वर्षं इकडे सर्जरी करून रिटायर झालेला माणूस, चष्मा नाकावर, चिमट्याने एकेक दाणा उचलून वाटीत टाकत होता. "हात अजून स्टेडी आहे बघ," काका मला म्हणाले. काकू ओट्याशी बायकोसाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं आईला दाखवलं. "बाळंतिणीला शोप द्यायचीच असते," आई थक्क होऊन म्हणाली. "या गोऱ्या माणसाला कोणी सांगितलं?"

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. अडचणीच्या वेळी लागतील म्हणून आमच्या मराठी मित्रमंडळींचे नंबर मी आजोबांना लिहून दिले होते. त्यांनी त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन केला. "शनिवारी सकाळी दहा. बाळ बघायला या. एकेक टोस्ट खायचा." आणि शुक्रवारी मला एकामागून एक फोन यायला लागले.

"अरे, कॉंग्रॅट्स! सॅटर्डेला येतोय आम्ही. पण खायचं नाही हं. आईने स्ट्रिक्टली सांगितलंय. तुमच्याकडे सोयर आहे ना, यार."

सोयर! माझ्या लक्षातच नव्हतं. बाळ जन्मलं की घरच्यांना दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही, आणि बाहेरच्यांनी त्या घरचं खायचं नाही. एरवी एकादशी कधी येते आणि कधी जाते याचा ज्यांना पत्ता नसतो, अशा पोराटोरांनीही पुण्या-मुंबईला आपापल्या आयांना विचारलं होतं आणि आयांनी एकमुखाने बजावलं होतं. बघायला येऊ, खायला नाही. खायला बारशाला.

हे आजोबांना सांगायचं कोणी? मीच गेलो. ते वाटीतले दाणे मोजून मापून चाळीस वाट्यांत घालत होते. मी धडपडत समजावलं.

"म्हणजे येतील, पण खाणार नाहीत?"

"हो."

"मग ते येणं नाही, मेट," ते म्हणाले, आणि हातातली वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला बघवेना. सात वर्षांचा पोरगा दारात उभा असावा तसा दिसत होता.

काकूंना हे कळलं आणि त्या तरातरा आल्या. बाई मोठी हुशार. "अरे, सोयर तुम्हाला! ह्यांना कुठलं? हे घरमालक. ना नात्यातले, ना गोत्यातले. स्वयंपाकघर ह्यांचं, टोस्ट ह्यांचे. आम्ही खाली बाळ बघू आणि वर येऊन खाऊ. सुटला प्रश्न!" मी आनंदाने उडीच मारली. पुन्हा फोनाफोनी. पुन्हा आयांना विचारणं. सगळीकडून होकार! एका आईने तर म्हणे सांगितलं, "भाडेकरूचं सोयर मालकाला लागत नाही, खुशाल खा." शनिवारी चाळीसच्या चाळीस उडणार! मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर गेलो आणि आजोबांना सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "हे सोयर कोणाला असतं?"

"कुटुंबाला."

"आणि मला नाही, कारण मी कोण?"

"तुम्ही... घरमालक," मी म्हणालो. तोंडातून शब्द गेला आणि मला कसंसंच झालं.

ते उठले, संडासात गेले आणि कॅलेंडर काढून घेऊन आले. माझ्यासमोर मार्च महिना धरला. मंगळवारच्या तारखेपुढे लिहिलं होतं: 'मुलगी'. पुढे नावासाठी जागा सोडलेली.

"इथे लिहिलंय," आजोबा म्हणाले. "लिहिलं की खोडत नाही. मलाही सोयर आहे."

"अहो, पण मग शनिवारी कोणी खाणार नाही!"

"नाही खाणार. ताट बाराव्या दिवशी मांडू."

एवढं म्हणून त्यांनी शोपेच्या वाट्या डब्यात रिकाम्या केल्या आणि झाकण लावलं. टप्. मी खाली आलो आणि बायकोला हे सांगताना ढसाढसा रडलो. ती बाळाला पाजत होती. म्हणाली, "मग! आजोबा आहेत ते."

पुढचे दिवस त्यांनी सोयर असं पाळलं की आमच्या सात पिढ्यांत कोणी पाळलं नसेल. आईकडून नियम विचारून घ्यायला लावले. "त्यांना म्हणावं देवाला हात लावायचा नाही," आई म्हणाली. त्यांनी सांगितलं, "माझ्याकडे देव नाही." आईला मी त्यांच्या घड्याळाबद्दल सांगितलेलं होतंच. ती हसत म्हणाली, "मग घड्याळाला लावू नका म्हणावं!" तिने गंमत केली, यांनी लिहून घेतलं. रविवारी किल्ली दिली नाही, सोमवारी घड्याळ बंद पडलं. टपालवाल्या बाई नेहमीप्रमाणे बिस्किटासाठी थांबल्या तर त्यांना दारातूनच सांगितलं, "आज नाही. माझ्या घरी बाळ झालंय. दहा दिवस तुम्ही माझं खायचं नाही." त्या बिचाऱ्या बुचकळ्यात पडून "कॉंग्रॅच्युलेशन्स?" म्हणत गेल्या. दरम्यान हॉलंडची पार्सलं आली. आजोबांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. "काकांनी वेचलीय ती वापरायची," म्हणाले. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळ केली, घड्याळाला किल्ली दिली, आणि ठोके खालपर्यंत ऐकू आले.

बाराव्या दिवशी बारसं. वारही शनिवारच. वेळ मी कळवली होती, सकाळी दहा. आजोबांची कॉफीची वेळ म्हणून मोठ्या प्रेमाने कळवली होती, आणि इथेच मी माती खाल्ली. आपल्या लोकांचे दहा म्हणजे काय हे मला माहीत असायला नको होतं?

दहाला पाच मिनिटं असताना आजोबा खाली आले. इस्त्रीचा शर्ट, आणि चक्क फुलपँट! आमच्या दाराजवळच्या टेबलावर त्यांनी ताट ठेवलं. चाळीस गोल टोस्ट, लोण्यावर गुलाबी-पांढरे दाणे, एकही दाणा इकडचा तिकडे नाही. दार सताड उघडलं आणि शेजारी उभे राहिले. वर घड्याळाचे दहा ठोके पडले.

सव्वादहा. कोणी नाही. साडेदहा. रस्त्यावरून एक गाडी आली आणि तशीच पुढे गेली. आजोबा हलले नाहीत. मी मोबाइल काढून मेसेजवर मेसेज टाकत होतो. 'कुठे आहात?' 'निघालोच!' म्हणजे अंघोळीला. काका-काकूसुद्धा नेमके पेढे आणायला गेलेले. पावणेअकराला आतल्या खोलीतून, बाळाला कुंची बांधता बांधता, बायकोने सहज विचारलं, "आलं का कोणी?"

मराठीत विचारलं होतं. पण आजोबांना ते कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिला सांग, येतील."

मी आत सांगायला वळलो. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गाडी वळली. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी! पाच मिनिटांत उतारावर पार्किंगला जागा उरली नाही. पैठण्या, नेहरू शर्ट, फुगे, कॅसरोल, "सॉरी सॉरी, ट्रॅफिक," "अय्या, पाळणा कसला भारी!" असा नुसता गलबला! आजोबा दारात प्रत्येकाचा हात हातात घेत होते. "अभिनंदन. एक घ्या. अभिनंदन. एक घ्या." काकांनी आपल्या हाताने वेचलेल्या दाण्यांकडे अभिमानाने बघत टोस्ट कडकडून चावला. पोरं "कॅन आय हॅव अनदर?" म्हणाली, आणि आजोबांनी, त्या एका-बिस्किटवाल्या आजोबांनी, त्यांना दुसरा दिला. मी डोळे चोळून पाहिलं. टपालवाल्या बाई आल्या, त्यांनाही बोलावून दिला. नागपूरहून आई आणि आत्याचा मान मिळालेली माझी बहीण स्क्रीनवर, इकडे गोविंद घ्या, गोपाळ घ्या, नाव ठेवलं, टाळ्या, पेढे!

दुपारी एकच्या सुमारास ताटात एक टोस्ट उरला. आणि उरलाच! आपल्यात शेवटचा कोणी घेत नाही. "तू घे." "नको बाई, तू घे." आजोबांची नजर ताटावरून हलत नव्हती. मी हात पुढे करणार, एवढ्यात बायको बाळाला एका हाताने छातीशी सावरत आतून आली.

"आजोबा, बारा दिवस शोपेचा वास घेतेय मी! मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि तो टोस्ट उचलून कडकन खाल्ला. लोणी, चुरा, गुलाबी दाणे सगळं हनुवटीवर.

आजोबांनी ताट उचललं, वर नेलं. मी मागोमाग गेलो. त्यांनी आधी कॅलेंडरवर सोडलेल्या जागेत बाळाचं नाव लिहिलं. मग फोन लावला. ऑस्ट्रेलियात रविवारची सकाळ होती. स्क्रीनवर पांढऱ्या केसांची एक बाई आली, हातात चहाचा कप. झोपडीत जन्मलेली त्यांची बहीण. आजोबांनी तिला अभिनंदनही म्हटलं नाही. रिकामं ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. चुरा खाली सांडत होता.

"आले," ते म्हणाले. "उशिरा आले, पण आले सगळे."